सतराशे शहाऐंशी दरवाजे

मे १७०३. नेवा नदीच्या काठच्या दलदलीत सैनिकांनी आपल्या झारसाठी पाइनच्या ओंडक्यांचं एक घर उभं केलं. तीन दिवसांत. क्षेत्रफळ सुमारे साठ चौरस मीटर, म्हणजे साडेसहाशे चौरस फूट. मुंबईच्या एखाद्या दलालानं त्याची ‘प्रशस्त टू बीएचके’ म्हणून जाहिरात केली असती. आत राहणारा पीटर मात्र सहा फूट आठ इंच उंच होता.

एकोणसाठ वर्षांनी, १७६२ मध्ये, त्याच नदीच्या पलीकडच्या काठावर हिवाळी राजवाडा बांधून झाला. रशियन राजवाड्यांवरचं कुठलंही पुस्तक उघडा, या राजवाड्याचं प्रकरण ठरलेल्या आकड्यांनी सुरू होतं: खोल्या आणि दालनं १,०५७, खिडक्या १,९४५, दरवाजे १,७८६, जिने ११७. छपराच्या कठड्यावर १७६ शिल्पं. रात्री एकट्या माणसानं सगळी दारं लावायला घेतली आणि प्रत्येक दाराला अर्धं मिनिट धरलं, तरी पंधरा तास जातील. तोवर पहिली दारं उघडायची वेळ झालेली असेल.

मला या पुस्तकांचं वेड आहे हे आधीच सांगून टाकतो. जाडजूड, गुळगुळीत कागदाची, मांडीवर घेतली तर पाय बधिर करणारी. सोनं, संगमरवर, कारंजी, आणि पानापानावर संख्या. पण बरीच पुस्तकं चाळल्यावर लक्षात येतं की यातल्या काही संख्या निव्वळ डोळे दिपवण्यासाठी छापलेल्या असतात. काहींवर मात्र पुढे अख्खा राजवाडा पुन्हा उभा राहिलेला असतो. दुसऱ्या जातीच्या संख्या सहसा मागे, परिशिष्टात, बारीक टायपात असतात.

आधी पहिल्या जातीच्या बघू, कारण त्यांचीही मजा आहेच.

हिवाळी राजवाडा बांधायला सम्राज्ञी एलिझाबेथनं रास्त्रेल्ली या इटालियन वास्तुशिल्पकाराला सांगितलं, तेव्हा अंदाजपत्रक झालं ८,५९,५५५ रूबलचं. शेवटच्या पाच रूबलपर्यंतचा हा काटेकोरपणा मला फार आवडतो, कारण प्रत्यक्षात खर्च गेला पंचवीस लाखांवर. पैसा उभा केला सरकारी दारूच्या गुत्त्यांवर कर बसवून. म्हणजे रशियातल्या पिणाऱ्यांनी ग्लासामागे ग्लास रिचवत हा राजवाडा बांधला. आणि बांधकामावरच्या मजुराला मिळत होता महिन्याला एक रूबल. भागाकार करून बघा: पंचवीस लाख रूबल म्हणजे एका मजुराची दोन लाख आठ हजार वर्षांची मजुरी. ही संख्या कुठल्याही गुळगुळीत पुस्तकात मोठ्या अक्षरांत मला दिसलेली नाही, गणित मात्र तिसरीतल्या मुलाला जमावं इतकं सोपं आहे.

बांधकाम संपलं तेव्हा समोरच्या चौकात विटा, फळ्या, परांच्या, मजुरांच्या झोपड्या यांचा डोंगर पडला होता. तो हलवायलाही पैसे हवेत. तेव्हा शहरात दवंडी पिटली की ज्याला जे हवं ते फुकट घेऊन जा. दिवस मावळायच्या आत चौक साफ झाला, असं सांगतात. सगळ्या खर्चात एवढा एकच व्यवहार अंदाजपत्रकापेक्षा स्वस्तात पडला असावा.

पुढे पहिल्या निकोलसनं १८४४ मध्ये नियमच केला की राजधानीत कुणाचीही खासगी इमारत अकरा साझेनपेक्षा, म्हणजे साडेतेवीस मीटरपेक्षा उंच असता कामा नये. राजवाड्याच्या वर कुणी मान काढायची नाही. सेंट पीटर्सबर्गच्या जुन्या भागाची क्षितिजरेषा आजही बऱ्यापैकी सपाट दिसते, त्यात या एका मापाचा वाटा मोठा आहे.

एलिझाबेथबाईंचा स्वतःचा हिशेबही भारी होता. त्यांच्या मृत्यूनंतर कपाटांत पंधरा हजार पोशाख सापडले, अशी नोंद आहे. त्याआधी १७५३ मध्ये मॉस्कोच्या राजवाड्याला आग लागली त्यात चार हजार जळाले होते, ते वेगळेच. बाईंनी वीस वर्षं राज्य केलं. पंधरा हजारांना वीस वर्षांनी भागलं तर रोजचे दोन नवे पोशाख होतात, सणवार धरून, आजारपण धरून. त्यांच्याच हौसेनं त्सारस्कोये सेलो इथला कॅथरीन राजवाडा वाढत वाढत तीनशे मीटरहून लांब झाला आणि त्याच्या दर्शनी भागावरच्या मूर्तींना, खांबांच्या शिरांना, नक्षीला मिळून सुमारे शंभर किलो सोन्याचा मुलामा चढला. रशियातल्या पावसाबर्फात तो टिकेना. पुढे दुसऱ्या कॅथरीननं तो काढून साधा रंग द्यायचं ठरवलं, तेव्हा कंत्राटदार उरलेला सोन्याचा चुरा गोळा करायच्या परवानगीसाठी वीस हजार रूबल द्यायला तयार झाले. मी माझे जुने कपडे विकत नसते, असं सम्राज्ञीनं त्यांना सुनावल्याची आख्यायिका आहे. खरीखोटी कशीही असो, सासूबाईंच्या कपाटाची ज्यांना माहिती आहे त्यांना ती जास्त झोंबावी. (एलिझाबेथ नात्यानं कॅथरीनच्या नवऱ्याची मावशी. पण घरात अधिकार सासूचाच.)

या सगळ्या ग्रंथसंभारातलं माझं एक फार लाडकं पुस्तक मात्र एका अगदी छोट्या राजवाड्यावरचं आहे. तो फक्त आठ साझेन लांब, अडीच साझेन रुंद आणि तीन साझेन उंच होता. मीटरमध्ये साधारण सतरा बाय सव्वापाच, उंची सव्वासहाच्या आसपास. पुस्तक १७४१ साली सेंट पीटर्सबर्गच्या विज्ञान अकादमीनं छापलं आणि लिहिणारा होता गेओर्ग वोल्फगांग क्राफ्ट, पेशानं भौतिकशास्त्रज्ञ. राजवाड्यावर भौतिकशास्त्रज्ञानं का लिहावं? कारण तो राजवाडा बर्फाचा होता.

१७३९-४० चा हिवाळा युरोपभर भयंकर गेला. सम्राज्ञी आना हिच्या दरबारात टूम निघाली की नेवेचा बर्फ कापून त्याचं घर बांधायचं. पट्टी आणि कंपास लावून बर्फाचे चिरे कापले गेले, एकावर एक रचले गेले, आणि चुन्याऐवजी मध्ये ओतलं पाणी. ते क्षणात गोठायचं आणि सांधा पक्का व्हायचा. आराखडा प्योत्र येरोप्किन या वास्तुशिल्पकाराचा. क्राफ्टनं एकेक वस्तू मोजून, तांब्याच्या पत्र्यावर कोरलेल्या चित्रांसह छापली. दारासमोर बर्फाच्या सहा तोफा. त्यांत पाव पौंड दारू ठासून गोळा उडवता येई; एकदा तर दरबारासमोर साठ पावलांवरची दोन इंच जाडीची फळी त्या गोळ्यानं भेदली. एक बर्फाचा हत्ती, खऱ्या हत्तीच्या मापाचा, पाठीवर इराणी स्वार. दिवसा त्याच्या सोंडेतून पाण्याचा फवारा उडे आणि रात्री पेटत्या तेलाचा. पोटात बसलेला माणूस तुतारी वाजवून चीत्कार काढायचा. बागही होती: बर्फाच्या कुंड्या, बर्फाची संत्र्याची झाडं, फांद्यांवर बर्फाचे पक्षी. आत मेजावर बर्फाचं घड्याळ, शेकोटीत बर्फाची लाकडं. त्यांना तेल चोपडलं की ती जळतसुद्धा. शयनघरात बर्फाचा पलंग, बर्फाच्या उश्या, पलंगाखाली बर्फाच्या सपाता आणि उशाशी रात्रीच्या टोप्या.

हे सगळं कशासाठी, तर एका लग्नासाठी. राजपुत्र मिखाइल गोलित्सीन यानं परदेशात एका कॅथलिक बाईशी लग्न केल्याचा राग म्हणून सम्राज्ञीनं त्याला विदूषक करून ठेवलं होतं. त्याचं लग्न दरबारातल्या एका काल्मिक दासीशी लावलं, साम्राज्यातल्या नाना जमातींच्या जोड्या वरातीत नाचवल्या आणि नवराबायकोला पहिल्या रात्रीसाठी त्या बर्फाच्या पलंगावर बंद करून दाराशी पहारा बसवला. दोघंही वाचले. येरोप्किन नाही वाचला. त्याच वर्षी दरबारी राजकारणात अडकून जूनमध्ये त्याचा शिरच्छेद झाला. घर तोवर वितळलेलं होतं. बर्फाच्या त्या राजवाड्यातलं आज काहीही शिल्लक नाही, आणि तरीही तो हवा तर उद्या जसाच्या तसा बांधता येईल, तोफेच्या तोंडासकट. क्राफ्टनं मोजून ठेवलाय ना!

हत्तीवरून आठवलं. हे पुस्तक छापलं गेलं त्याच वर्षी, १७४१ मध्ये, इराणच्या नादिरशहाचा वकील सेंट पीटर्सबर्गला पोचला. सोबत नजराणा म्हणून चौदा खरे हत्ती होते आणि दिल्लीच्या मोगल खजिन्यातली रत्नजडित भांडी-दागिने. चिमाजी अप्पांनी वसई घेतली त्याच १७३९ साली नादिरशहानं दिल्ली लुटली होती. त्या लुटीतला एक हिस्सा असा नेवेकाठी गेला. त्यातले काही जिन्नस हर्मिटेज संग्रहालयात आजही आहेत. हत्ती अर्थातच नाहीत.

राजवाड्यापेक्षा बागांच्या पुस्तकांत संख्या जास्त रंगतात, कारण तिथे पाणी असतं. पीटरनं १७१७ मध्ये व्हर्साय पाहिलं होतं. तिथल्या कारंज्यांना पाणी पुरवायला मार्लीचं प्रचंड यंत्र बसवलेलं होतं: चौदा महाकाय चाकं, दोनशेवर पंप, सीनचं पाणी दीडशे मीटरहून उंच चढवायची यातायात. आणि इतकं करूनही सगळी कारंजी एकाच वेळी चालू ठेवणं परवडत नसे. राजा ज्या वाटेनं फिरेल तिथलं कारंजं सुरू, तो पुढे गेला की बंद. नोकर शिट्ट्या मारून एकमेकांना इशारे देत.

पीटरहॉफला पीटरनं वेगळी वाट धरली. फिनलंडच्या आखातापासून आत, रोप्शाच्या उंचवट्यावर झरे आहेत. तिथून सुमारे बावीस किलोमीटर लांबीचा कालवा आणि वाटेत तलाव अशी व्यवस्था वासिली तुवोल्कोव या जलअभियंत्यानं १७२१ मध्ये केली. पाणी उतारानं येतं, किनाऱ्याच्या उंच कड्यावर थांबतं आणि नळांतून खाली सुटतं. पंप एकही नाही. ऑगस्ट १७२३ मध्ये बागेचं उद्घाटन झालं आणि तीनशे वर्षांनंतरही कारंजी गुरुत्वाकर्षणावरच चालतात. आज कारंजी दीडशेच्या आसपास, धबधबे चार. महाप्रपाताच्या एकट्या रचनेत चौसष्ट कारंजी आणि दोनशेवर शिल्पं. खालच्या बागेचा पसारा १०२ हेक्टरचा. मधोमध सिंहाचा जबडा फाडणारा सॅमसन. त्या सिंहाच्या तोंडातून निघणारी धार वीस मीटरच्या वर जाते. सिंह म्हणजे स्वीडन. १७०९ ची पोल्तावाची लढाई संत सॅमसनच्या दिवशी जिंकली म्हणून पंचविसाव्या वर्षाच्या निमित्तानं १७३५ मध्ये हा पुतळा बसवला. आधी शिशाचा होता, १८०२ मध्ये सोनेरी मुलाम्याच्या कांस्याचा आला. त्याचं पुढे काय झालं ते पुढे येईलच.

दुसऱ्या कॅथरीनच्या काळात गंमत अशी झाली की पुस्तकांवरून राजवाडे आणि बागा व्हायला लागल्या. स्कॉटिश घराण्यातला चार्ल्स कॅमेरॉन यानं १७७२ मध्ये लंडनला प्राचीन रोमन स्नानगृहांवर एक भव्य सचित्र ग्रंथ काढला. नावावर बांधलेली इमारत म्हणावी अशी जवळजवळ नाहीच. पण ग्रंथ सम्राज्ञीच्या हाती लागला आणि १७७९ मध्ये तिनं त्याला रशियात बोलावून घेतलं. पुस्तकातली स्नानगृहं त्यानं त्सारस्कोये सेलोला खरोखर बांधली. कामाला कुशल हात कमी पडायला लागले तेव्हा १७८४ मध्ये एडिंबरोच्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली, आणि सत्तरेक गवंडी, गिलावा करणारे, लोहार आपापली बायकामुलं घेऊन समुद्र ओलांडून आले. बागेसाठी लंडनजवळच्या हॅकनीहून जॉन बुश हा रोपवाटिकावाला आधीच आलेला होता. कॅमेरॉननं त्याच्या मुलीशी लग्न केलं, म्हणजे राजवाडा आणि बाग एकाच घरात आली. या सगळ्या प्रकरणावर दिमित्री श्वीदकोव्हस्की यांचा १९९६ चा ग्रंथ आहे, सम्राज्ञी आणि तिचा वास्तुशिल्पकार यांच्यावरचा. कादंबरीसारखा वाचता येतो.

इंग्रजी बागांचं वेड सम्राज्ञीला इतकं लागलं होतं की सरळ रेषेतल्या वाटा आणि नाइलाजानं आकाशात उडणारं पाणी तिला सहन होईना. ते तिनं १७७२ मध्ये व्होल्तेअरला पत्रातून कळवलंही. मग तिनं इंग्लंडच्या जोसाया वेजवुडकडे जेवणाची भांडी मागवली. पन्नास माणसांच्या पंगतीचा संच, नग ९५२. त्यांवर ब्रिटनमधल्या गढ्या, बागा, तलाव, पडक्या मठांची १,२२२ दृश्यं रंगवायची आणि एकही दृश्य दोनदा येता कामा नये. शिवाय प्रत्येक नगावर एक हिरवा बेडूक, कारण ज्या राजवाड्यासाठी हा संच होता तो बेडकांच्या दलदलीत होता. १७७४ मध्ये काम पूर्ण झालं. सोबत वेजवुडचा भागीदार बेंटली यानं फ्रेंचमध्ये केलेली, प्रत्येक दृश्याला क्रमांक दिलेली यादी पाठवली. माझ्या मते बागांवरचं अठराव्या शतकातलं सर्वांत मोठं सचित्र पुस्तक हेच. फक्त त्याची पानं चिनी मातीची आहेत आणि वाचायचं तर आधी वाढलेलं संपवावं लागतं. किंमत सुमारे सत्तावीसशे पौंड पडली. वेजवुडला त्यात सुटलं फार थोडं, पण पाठवण्याआधी त्यानं लंडनमध्ये त्याचं प्रदर्शन भरवलं आणि जाहिरात पुरेपूर वसूल केली.

खुद्द पुस्तकं विकत घेण्यातही बाईचा हात असाच सैल. दिदरोला पैशाची चणचण आहे म्हटल्यावर १७६५ मध्ये तिनं त्याचं ग्रंथालय १५,००० लिव्हरला घेतलं, पुस्तकं त्याच्याच घरी राहू दिली आणि वर्षाला हजार लिव्हर पगारावर त्यालाच ग्रंथपाल नेमलं. पगार थकला तेव्हा पन्नास वर्षांचा आगाऊ देऊन टाकला. व्होल्तेअर १७७८ मध्ये वारला, तर त्याची ६,८१४ पुस्तकं पेट्या भरून आणवली. ती ठेवायला त्सारस्कोये सेलोच्या बागेत व्होल्तेअरचा फेर्नीचा वाडाच हुबेहूब बांधायचा बेत होता. त्यासाठी वाड्याचा लाकडी नमुना तयार झाला, पडद्यांच्या कापडाचे तुकडेसुद्धा गोळा केले. वाडा झालाच नाही. पुस्तकं सेंट पीटर्सबर्गच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत, व्होल्तेअरनं समासात केलेल्या शेरेबाजीसकट. दिदरोची मात्र पुढे इतर पुस्तकांत विखुरली.

कापडाचे ते तुकडे लक्षात ठेवा. आता दुसऱ्या जातीच्या संख्यांकडे वळतो.

डिसेंबर १८३७ मध्ये हिवाळी राजवाडा पेटला आणि तीस तासांच्या वर जळत राहिला. सामान बाहेर चौकात बर्फावर रचलं गेलं. आतलं सगळं खाक झालं, राहिल्या काळ्या पडलेल्या भिंती. निकोलसनं हुकूम सोडला की वर्षभरात पूर्ववत करा. १८३९ च्या ईस्टरला राजवाड्यात पुन्हा प्रार्थना झाली, म्हणजे जेमतेम पंधरा महिन्यांत. त्याच वर्षी रशियात हिंडून गेलेल्या मार्की द कस्तीन या फ्रेंच सरदारानं १८४३ च्या आपल्या प्रवासवर्णनात दुसरा हिशेब मांडला: सहा हजार मजूर सतत कामाला, बाहेर उणे पंचवीस-तीस, आत भिंती लवकर वाळाव्यात म्हणून भट्ट्या पेटवून तीस अंश, सर्वांत तापलेल्या दालनांतल्या रंगाऱ्यांनी डोक्यावर बर्फ भरलेल्या टोप्या घातल्या होत्या. मेलेल्यांच्या जागी रोज नवे येत. कस्तीन तिखटमीठ लावून लिहिणारा, आणि हे त्यानं ऐकीव लिहिलं. पण निकोलसच्या सरकारनं पुस्तकावर बंदी घातली, दुसरे आकडे प्रसिद्ध केले नाहीत. पुढच्या काळात दरबारानं हाऊ, उख्तोम्स्की, प्रेमात्सी या चित्रकारांना नेमून एकेका दालनाची जलरंगचित्रं काढून घेतली. पडद्याची झालर, खुर्चीची गादी, मेजावरचं घड्याळ, सगळं. पुन्हा जळलं तर निदान काय होतं ते कळावं.

पावलोव्हस्कच्या राजवाड्याची नोंद तर मालकिणीनंच केली होती. दुसऱ्या कॅथरीनची सून मारिया फ्योदोरोवना हिनं १७९५ मध्ये माहेरी आईला वाचायला म्हणून आपल्या घराचं वर्णन फ्रेंचमध्ये लिहिलं. एकेक खोली, भिंतीचा रंग, खुर्च्यांची मांडणी, कोनाड्यात काय ठेवलंय, खिडकीतून काय दिसतं. कुठल्याही लेकीनं आईला लिहावं तसंच. आठ वर्षांनी, १८०३ मध्ये, राजवाडा जळला आणि पुन्हा बांधला गेला. हे हस्तलिखित पुढे अलेक्सांद्र बेनुआ यानं १९०३ मध्ये एका कलाविषयक मासिकात छापलं. त्याच सुमाराला अशा पुस्तकांचं पीकच आलं होतं: बेनुआचाच त्सारस्कोये सेलोवरचा १९१० चा जाडजूड ग्रंथ, विल्च्कोव्हस्कीची १९११ ची मार्गदर्शिका, रसायनशास्त्रज्ञ कुर्बातोव्हचं १९१६ चं बागांवरचं पुस्तक. श्रीमंत वाचकांच्या दिवाणखान्यात ठेवायची पुस्तकं. वर्षभरात वाचकच नाहीसे झाले.

सप्टेंबर १९४१ मध्ये जर्मन सैन्य लेनिनग्राडच्या (सेंट पीटर्सबर्गचं तेव्हाचं नाव) वेशीवर आलं तेव्हा हर्मिटेजच्या अकरा लाखांहून जास्त वस्तू दोन रेल्वेगाड्यांतून उरलकडे रवाना झालेल्या होत्या. तिसरी गाडी निघायच्या आत वेढा पडला. शहराबाहेरच्या राजवाड्यांना मात्र इतकी सवड मिळाली नाही. पावलोव्हस्कची जबाबदारी आना झेलेनोवा या अठ्ठावीस वर्षांच्या बाईवर होती. सगळं नेणं अशक्य, म्हणून तिनं आणि तिच्या सहकाऱ्यांनी निवड केली: खुर्च्यांच्या प्रत्येक संचातली एखादी खुर्ची, कापडांचे नमुने, म्हणजे नंतर कुणाला बाकीचं त्यावरून करता येईल. जड प्राचीन पुतळे तळघराच्या एका कोपऱ्यात उभे केले, पुढे विटांची भिंत बांधली आणि ती मळवून जुनी केली. अडीच वर्षं जर्मन सैनिक त्या वाड्यात राहिले, भिंतीकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. गोळीबारात झेलेनोवा शेवटची कागदपत्रं घेऊन पायी लेनिनग्राडला पोचली आणि वेढ्याच्या काळात सेंट आयझॅक कॅथेड्रलच्या तळघरात पेट्यांच्या सोबत राहिली. सुझान मॅसी या अमेरिकी लेखिकेचं पावलोव्हस्कवरचं १९९० चं पुस्तक ही कथा सांगतं. राजवाड्यांच्या पुस्तकांतलं एकच निवडायचं झालं तर मी ते निवडेन. त्यात सोनं कमी आणि याद्या जास्त आहेत.

जानेवारी १९४४ मध्ये जर्मन गेले तेव्हा पावलोव्हस्क जळत होतं. पीटरहॉफचा राजवाडा म्हणजे उघडं आकाश दिसणारा सांगाडा, सॅमसन गायब. जुन्या छायाचित्रांवरून नवा घडवून १९४७ मध्ये बसवला. त्सारस्कोये सेलोत अंबरदालनाच्या भिंती कोऱ्या होत्या.

अंबरदालनाचे आकडे सगळ्यांना पाठ असतात, तरी सांगतोच. १७०१ मध्ये बर्लिनला सुरुवात. १७१६ मध्ये प्रशियाच्या राजानं ते पीटरला भेट दिलं आणि बदल्यात पीटरनं त्याला पंचावन्न धिप्पाड सैनिक दिले, कारण त्या राजाला उंच माणसं जमवायचा छंद होता. सहा टन अंबर. १९४१ मध्ये रशियन संग्रहपालांना ते ठिसूळ फलक काढता येईनात, म्हणून त्यांनी त्यांवर कागद चिकटवून ते झाकले. जर्मनांनी छत्तीस तासांत उतरवले, सत्तावीस पेट्यांत भरले आणि कोनिग्सबर्गला नेले. १९४५ नंतर कुणी पाहिलेले नाहीत. १९७९ मध्ये, बहुतांशी काळ्यापांढऱ्या छायाचित्रांवरून, ते नव्यानं करायला घेतलं आणि चोवीस वर्षांनी, मे २००३ मध्ये, शहराच्या तीनशेव्या वाढदिवसाला उघडलं. शेवटच्या टप्प्यात एका जर्मन गॅस कंपनीनं पस्तीस लाख डॉलर दिले. छत्तीस तास आणि चोवीस वर्षं. मला तरी हाच त्या दालनाचा खरा आकडा वाटतो, सहा टनांचं काय घेऊन बसलात.

पावलोव्हस्कचं काम त्याच्या कितीतरी आधी झालं. एकेका संचातली खुर्ची होती, कापडाचे तुकडे होते, मोजमापं होती, आणि १७९५ मध्ये आईला लिहिलेलं ते वर्णन होतं. पहिली दालनं १९५७ मध्ये उघडली आणि १९७८ पर्यंत सगळा राजवाडा उभा राहिला, या उद्ध्वस्त राजवाड्यांतला पूर्ण झालेला पहिलाच. हिवाळी राजवाड्याच्या पंधरा महिन्यांच्या मानानं चौतीस वर्षं जास्त वाटतील, पण या खेपेला बर्फाच्या टोप्या नव्हत्या.

राहिली बाग. पावलोव्हस्कची बाग सहाशे हेक्टरची, म्हणजे दीड हजार एकरांच्या जवळपास. युद्धात तिच्यातली सत्तर हजार झाडं तोडली गेली, सरासरी हेक्टरी एकशे सतराच्या आसपास. त्यांतली जुनी झाडं मारिया फ्योदोरोवनाच्या तारुण्यातली, तोडताना दीडशेच्या घरातली. कापड विणता येतं, मुलामा चढवता येतो, पुतळा ओतता येतो, आणि कोणतं झाड कुठे होतं हेही नकाशावरून कळतं. १९४४ नंतर लावलेली रोपं त्या वयाची व्हायला २०९४ साल उजाडेल.